रखमाबाई राऊत

डॉ. रखमाबाई राऊत (२२ नोव्हेंबर १८६४, मुंबई – २५ सप्टेंबर १९५५, मुंबई) या भारतातील अगदी सुरुवातीच्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक होत. सुरत आणि राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे काम केले. तत्पूर्वी बालपणी लावून दिलेला विवाह मान्य करण्यास त्यांनी नकार दिला होता. त्यातून उद्भवलेला दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला १८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानात आणि इंग्लंडातही गाजला. सामान्य वाचकाला रखमाबाईंचे नाव माहीत असते ते बहुधा या खटल्यामुळे. परंतु खटला चार वर्षांत संपला आणि त्यांचा अधिकारपदावरील कार्यकाल त्याच्या कित्येक पटींनी मोठा होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्राचा विचार करताना ध्यानात ठेवावी लागते.

भारतातील पहिल्या व्यवसाय करणाऱ्या स्त्री-डॉक्टर असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली १८८६ मध्येच वैद्यकीय पदविका मिळवून व्यवसायात उतरल्या होत्या. आनंदीबाई जोशी याही त्याच वर्षी अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या आणि कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही केली. मात्र पदभार हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. आनंदीबाईंच्या बाबतीत जी नेमणूक कागदावरच राहिली, तशी नेमणूक निवृत्तीपर्यंत निभावणाऱ्या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्रियांत रखमाबाईंची गणना करणे अधिक रास्त ठरेल.

बालपण आणि कुटुंब

रखमाबाईंचा जन्म मुंबईत सुतार समाजातील कुटुंबात झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग आणि आईचे जयंतीबाई. रखमाबाई अडीच वर्षांच्या असताना वडील वारले. त्या वेळी जयंतीबाईंचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. पतीकडून आलेली मिळकत त्यांनी आपल्या मुलीच्या नावे केली आणि सुमारे सहा वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत या विधुर गृहस्थांशी पुनर्विवाह केला. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहास आडकाठी नव्हती. उच्चवर्णीयांत याच काळात विधवाविवाहावरून वादाचे रान पेटले होते, हे पाहता ही बाब उल्लेखनीय आहे.

सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते अध्यापन करीत. वनस्पतिशास्त्राचा त्यांचा व्यासंग मोठा होता. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते, एक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. सुधारकांचे त्यांच्या घरी येणे-जाणे असे. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते विष्णुशास्त्री पंडित हे त्यांपैकी एक. रखमाबाई या घरात वाढल्या. शाळेतले शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही, पण फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्यांनी घरीच अभ्यास चालविला. इंग्रजीवर त्यांनी मिळविलेले प्रभुत्व पुढे त्यांच्या वृत्तपत्रीय पत्रांतून सर्वांच्या प्रत्ययास आले. प्रार्थना समाजाच्या सभांना आणि पंडिता रमाबाईंनी स्थापन केलेल्या आर्य महिला समाजाच्या कार्यक्रमांना त्या जात असत.

विवाह आणि खटला

वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न सखाराम अर्जुन यांच्या नात्यातील दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावून देण्यात आले. दादाजींची परिस्थिती बेताची होती. त्यांनी सासऱ्यांच्या आश्रयाने राहावे, शिकावे आणि कर्ते व्हावे, अशी अपेक्षा होती. काही महिन्यांतच रखमाबाई वयात आल्या. रूढीप्रमाणे गर्भाधानाचा विधी व्हावयाचा. परंतु डॉक्टर असलेल्या सखाराम अर्जुनांनी इतक्या कोवळ्या वयात तो होऊ देण्यास साफ नकार दिला. पुढील वर्षांत दादाजींनी शिक्षणाचा कंटाळा केला, ते मामाच्या घरी राहू लागले आणि प्रकृतीनेही खालावले. रखमाबाई मात्र वाचनात रमत गेल्या. दोघांतील अंतर वाढतच गेले.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत पत्र पाठवून पत्नीला आपल्या घरी धाडण्याची मागणी केली. रखमाबाई गेल्या नाहीत. तेव्हा वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल करण्यात आला. रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. पुढे ते याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दावा चालू असतानाच, १६ एप्रिल १८८५ रोजी, सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. त्यामुळे रखमाबाईंचा घरातील सर्वांत मोठा आधार तुटला.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्हे यांनी दावा फेटाळून लावला. त्यांच्या विवेचनाचा आशय असा होता, की पुनःस्थापना म्हणजे पूर्वी असलेली गोष्ट पुन्हा स्थापणे. हे दोघे पती-पत्नी म्हणून कधी एकत्र राहिलेच नाहीत, तेव्हा पुनःस्थापनेचा प्रश्नच येत नाही. शिवाय या प्रकारचा दावा इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला आहे, हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, असेही त्यांनी दाखवून दिले. अजाणत्या वयात लग्न झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या स्वाधीन करणे त्यांना क्रौर्याचे वाटले. हा युक्तिवाद वाचताना एक विसंगती जाणवल्यावाचून राहत नाही. ज्यांनी धर्मरक्षणाच्या नावाने या निकालावर झोड उठविली, ते प्रत्यक्षात इंग्रजी कायद्यातून आयात झालेल्या उपायाची पाठराखण करीत होते, आणि इंग्रज न्यायाधीश हिंदू धर्मशास्त्राच्या मौनाकडे बोट दाखवीत होता.

निकालाने मोठी खळबळ उडाली. रत्नागिरीत जन्मलेले आणि त्या वेळी पुण्यात वृत्तपत्रांतून जनमत घडवीत असलेले बाळ गंगाधर टिळक यांनी निकालावर कठोर टीका केली. परकी न्यायालयाने आमच्या विवाहसंस्थेत हात घालू नये, असा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. उलट बेहरामजी मलबारी यांनी रखमाबाईंची बाजू हिरिरीने मांडली. मलबारींनी १८८४ मध्येच बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर टिपणे प्रसिद्ध करून वादाला तोंड फोडले होते. त्याच वेळी टाइम्स ऑफ इंडियात एक हिंदू स्त्री या टोपणनावाने दोन पत्रे छापून आली: पहिले २६ जून १८८५ रोजी बालविवाहावर, दुसरे १९ सप्टेंबरला सक्तीच्या वैधव्यावर. लेखिका स्वतः रखमाबाईच होत्या, हे पुढे उघड झाले. बालविवाहामुळे मुलीचे शिक्षण कसे तुटते, सासरी तिच्या वाचनाकडे कसे पाहिले जाते, याचे त्यांतील वर्णन कोणा परोपकारी गृहस्थाचे नसून भोगलेल्या व्यक्तीचे होते. पत्रांचा परिणाम झाला तो यामुळे.

दादाजींनी अपील केले. मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांच्यासमोर ते १८८६ मध्ये चालले. पूर्वी एकत्र न राहिलेल्या जोडप्याच्या बाबतीतही असा दावा चालू शकतो, असे ठरवून त्यांनी पिन्हे यांचा निकाल रद्द केला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी खाली पाठविले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा आदेश दिला. आदेश मोडल्यास त्या वेळच्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. रखमाबाईंनी पतीकडे जाण्यापेक्षा तुरुंगात जाणे पत्करू, असे कळविले. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या.

या उत्तराने वादाचे स्वरूप पालटले. एका सुशिक्षित, निरपराध स्त्रीला केवळ नांदावयास न गेल्याबद्दल कैदेत टाकणे सरकारलाही अडचणीचे होते. लंडनच्या टाइम्समध्ये ९ एप्रिल १८८७ रोजी रखमाबाईंचे निवेदन प्रसिद्ध झाले. प्राच्यविद्यापंडित माक्स म्युलर यांनीही त्यांच्या बाजूने लिहिले. मुंबईत त्यांच्या बचावासाठी समिती उभी राहिली. दादाजींनी आपली बाजू मांडणारे पत्रक काढले. रखमाबाईंच्या नावावरील मिळकत हातची जाऊ नये म्हणून तिच्या माहेरचेच तिला अडवीत आहेत, असा त्यांचा आरोप होता. रखमाबाईंनी त्याला जाहीर उत्तर दिले.

अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आदेशाच्या अंमलबजावणीचा आग्रह सोडला. पुढे त्यांनी दुसरे लग्नही केले. व्हिक्टोरिया राणीने विशेष हुकूम काढून हा विवाह रद्द केला, असे अनेक लेखांत छापलेले आढळते. वाद मिटला तो या तडजोडीने. विवाह रद्द झाला नव्हता. हिंदू स्त्रीला घटस्फोटाची सोयच तेव्हाच्या कायद्यात नव्हती. कायद्याच्या दृष्टीने रखमाबाई दादाजींच्या पत्नीच राहिल्या.

संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये संमत झाला आणि मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षांवर आले. त्यामागील जनमत तयार होण्यात या खटल्याचा मोठा वाटा होता. वैवाहिक हक्कांच्या आदेशासाठी कैदेत टाकण्याची तरतूद मात्र १९२३ पर्यंत कायद्यात तशीच राहिली.

वैद्यकीय शिक्षण

मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले. पीची या एडिंबरा विद्यापीठात प्रवेशासाठी झगडलेल्या सात स्त्रियांपैकी एक. दार बंद असणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. रखमाबाईंच्या शिक्षणासाठी निधी जमविण्यात आला. इंदूरच्या शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये दिले. इंग्लंडमध्ये स्त्री-मताधिकाराच्या पुरस्कर्त्या ईव्हा मॅक्लॅरेन, त्यांचे पती वॉल्टर मॅक्लॅरेन आणि अ‍ॅडेलेड मॅनिंग यांनी त्यांना मदतीचा हात दिला.

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत दाखल झाल्या. रुग्णालयातील प्रत्यक्ष शिक्षण त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयात घेतले. शिक्षण लंडनमध्ये झाले तरी परीक्षेसाठी त्यांना स्कॉटलंडला जावे लागले, याचे कारण असे, की लंडनची राजमान्य वैद्यक व शस्त्रवैद्यक महाविद्यालये त्या काळी स्त्रियांना परीक्षेस बसू देत नसत. तो दरवाजा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर उघडला. एडिंबरा आणि ग्लासगो येथील संस्थांची संयुक्त पात्रता त्यांनी मिळविली आणि १८९४ मध्ये ब्रुसेल्स येथून एम. डी. ही पदवी घेतली. त्या काळातील अनेक स्त्री-डॉक्टरांनी हाच लांबचा मार्ग धरलेला दिसतो.

स्त्री-डॉक्टरांच्या नेमणुकीचा प्रश्न

रखमाबाई परतल्या तेव्हा स्त्री-डॉक्टरची नेमणूक कोण करणार, तिच्यावर हुकमत कोणाची आणि तिच्या हाती कोण काम करणार, हे प्रश्न अजून सुटलेले नव्हते. पुढील कारकीर्द समजण्यासाठी ही पार्श्वभूमी थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

ब्रिटिश अमलाखालील आरोग्यव्यवस्थेची सूत्रे इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी स्वरूपाच्या सेवेकडे होती. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जन हा सर्वांत मोठा वैद्यकीय अधिकारी असे. रत्नागिरी असो वा सुरत, सरकारी रुग्णालय, दवाखाने, तुरुंगातील कैद्यांचे आरोग्य या सर्वांवर त्याचीच देखरेख. या सेवेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. दुसरीकडे पडद्यातील आणि पडद्याबाहेरीलही असंख्य स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास तयार नसत. अवघड बाळंतपणात, ताप अंगात मुरल्यावर, रक्तस्राव थांबेना झाल्यावरही त्यांच्यापर्यंत डॉक्टर पोहोचत नसे. गरज उघड होती, परंतु ती भागविणारे पद सरकारी चौकटीत कोठेच बसत नव्हते.

या कोंडीतून पहिली वाट काढली ती मुंबईने. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी निधी उभारून स्त्री-डॉक्टरांना इंग्लंडहून आणण्याची व त्यांच्या पगाराची तजवीज केली. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी देणगी दिली, ती त्याचा कारभार स्त्री-डॉक्टरांच्याच हाती राहावा या अटीवर. कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि पीची त्याच्या प्रमुख झाल्या. ग्रँट मेडिकल कॉलेजने १८८३ पासून स्त्रियांना प्रवेश देण्यास आरंभ केला होता. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरविण्यासाठी अखिल भारतीय निधी स्थापन केला. या निधीच्या आणि स्थानिक दात्यांच्या आधारे ठिकठिकाणी स्त्रियांची रुग्णालये उभी राहू लागली.

मात्र या रुग्णालयांची प्रमुख म्हणून नेमलेल्या स्त्रीचे स्थान डळमळीत असे. तिला नेमणार स्थानिक समिती. समितीत कलेक्टर, सिव्हिल सर्जन, देणगीदार आणि गावातील प्रतिष्ठित मंडळी. पगार, रजा, बदली, निवृत्तिवेतन यांचे निश्चित नियम नसत. पुष्कळ ठिकाणी सिव्हिल सर्जन रुग्णालयाची तपासणी करून तिच्या कामावर शेरा मारी. शस्त्रक्रियेतही आपलाच अधिकार चालवू पाही. वीस-वीस वर्षे सेवा केलेल्या स्त्रीला काल आलेल्या पुरुष अधिकाऱ्यापुढे कैफियत द्यावी लागे. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या भारतातील स्त्री-वैद्यांच्या संघटनेने या गाऱ्हाण्यांना तोंड फोडले आणि त्यातून १९१४ मध्ये विमेन्स मेडिकल सर्व्हिस ही स्त्रियांची स्वतंत्र सेवा अस्तित्वात आली. सबंध देशासाठी तिच्यात सुरुवातीला अवघ्या पंचवीस जागा होत्या, आणि तीही थेट सरकारी सेवा नव्हती. डफरिन निधीमार्फत, सरकारी अनुदानावर ती चाले.

म्हणजे १८९५ ते १९१४ या काळात रुग्णालयाची प्रमुख झालेल्या प्रत्येक स्त्रीने आपला अधिकार नियमांच्या आधाराने नव्हे, तर स्वतःच्या कामाच्या आणि स्वभावाच्या बळावर टिकविला. रखमाबाई या पिढीतील होत.

सुरत

इंग्लंडहून परतल्यावर काही काळ कामा रुग्णालयात काम करून १८९५ मध्ये रखमाबाईंनी सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. शेठ मोरारभाई व्रजभूषणदास माळवी या दानशूर गृहस्थांचे नाव या रुग्णालयाला होते. पुढे लोक त्याला रखमाबाई रुग्णालय म्हणू लागले. मराठी बाई, गुजराती शहर, डोक्यावर गाजलेल्या खटल्याचे ओझे: आरंभ सोपा नव्हता. ज्या समाजात बायका सासर सोडण्याचा विचारही करीत नसत, त्या समाजातील बायकांनी आपले बाळंतपण कोर्टात नवऱ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रीच्या हाती सोपवावयाचे होते.

रुग्णालयात बाळंतपणासाठी येण्यास सुरुवातीला कोणी धजत नसे. रुग्णालयात गेलेले माणूस परत येत नाही, अशी समजूत दृढ होती. रखमाबाईंनी गाभण शेळी रुग्णालयाच्या आवारात आणवून तिची सुखरूप प्रसूती बायकांच्या डोळ्यांसमोर केली आणि मग त्यांची भीती मोडली, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्यांच्यापुढील अडचण नेमकी कोणती होती हे तिच्यावरून कळते. औषधे आणि उपकरणे देणगीतून येऊ शकत होती. विश्वास देणगीतून येत नव्हता. हळूहळू रुग्णालय गजबजले.

अशा रुग्णालयाच्या प्रमुखाचे काम रोग्याच्या खाटेपाशी संपत नसे. परिचारिका आणि सहायक निवडणे, त्यांना शिकविणे, त्यांच्यात शिस्त राखणे, औषधांचा साठा व हिशेब पाहणे, समितीला अहवाल देणे, देणगीदारांची मर्जी सांभाळणे आणि तरीही त्यांना वैद्यकीय निर्णयात ढवळाढवळ करू न देणे, हे सर्व एकाच व्यक्तीवर असे. परंपरेने चालत आलेल्या सुईणींचा प्रश्न वेगळाच. त्यांना दूर लोटले तर घरोघरची बाळंतपणे हाताबाहेर जात. न शिकविता तसेच ठेवले तर अस्वच्छ हातांमुळे बाळंतिणींचे मृत्यू होत. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुईणींच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र निधी निघाला, तो याच कारणाने.

१८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या प्लेगची साथ सुरू झाली आणि ती गुजरातकडेही पसरली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. घरांची झडती, रोग्यांचे विलगीकरण आणि स्त्रियांची तपासणी यांवरून लोकांत तीव्र संताप उसळला. पुण्यात त्याचे पर्यवसान प्लेग कमिशनर रँड यांच्या हत्येत झाले. ज्या ठिकाणी स्त्री-डॉक्टर उपलब्ध होती, तेथे निदान स्त्रियांच्या तपासणीचा प्रश्न सुसह्य झाला. सुरतेत रखमाबाईंनी साथीत काम केले. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरातेत संवत १९५६ वरून तो छप्पनिया म्हणून ओळखला जातो. या सेवेबद्दल त्यांना कैसर-इ-हिंद पदक देण्यात आले. काही लेखांत या पदकाचे वर्ष १८९८ दिलेले असते. ते चुकीचे आहे, कारण हे पदकच मुळी एप्रिल १९०० मध्ये सुरू झाले.

१९०४ मध्ये दादाजी भिकाजी यांचा मृत्यू झाला. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसण्यास सुरुवात केली आणि ती अखेरपर्यंत ठेवली. ज्या विवाहाला त्यांनी तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन नकार दिला, त्याच विवाहाचे वैधव्य त्यांनी का पत्करले, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. हिंदू समाजात राहून, त्यातील स्त्रियांचा विश्वास संपादून काम करावयाचे तर त्यांच्या रूढींचा बाह्य मान राखणे इष्ट, असा व्यवहारी विचार त्यामागे असू शकतो. खटल्यातही त्यांनी विवाहसंस्थेविरुद्ध नव्हे, तर अजाणत्या वयातील विवाहाविरुद्ध भूमिका घेतली होती, हेही येथे आठवावे. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

राजकोट

सुरतेत दोन दशकांहून अधिक काळ काढल्यानंतर, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, रखमाबाईंपुढे दोन पर्याय होते. नव्याने निघालेल्या विमेन्स मेडिकल सर्व्हिसमध्ये येण्याचे निमंत्रण त्यांना मिळाले. या सेवेत मोजक्या जागा, नियमित वेतन आणि अखिल भारतीय प्रतिष्ठा होती. रखमाबाईंनी ते नाकारले आणि राजकोट येथील रसूलखानजी जनाना रुग्णालयाचे प्रमुखपद स्वीकारले. जुनागढचे नबाब रसूलखानजी यांचे नाव या रुग्णालयाला आहे.

राजकोट हे काठेवाड एजन्सीचे ठाणे. भोवती लहानमोठ्या संस्थानांचे जाळे पसरलेले. येथे ब्रिटिश जिल्ह्यातील सिव्हिल सर्जनची पद्धत नव्हती. एजन्सी आणि दरबार यांच्यात अधिकार वाटलेले होते. नेमणुकाही बऱ्याच अंशी दरबारच्या मर्जीने होत. अशा व्यवस्थेत अधिकाऱ्याला नियमांचे संरक्षण कमी मिळते, पण एकदा विश्वास बसला की हात मोकळे राहतात. सेवेच्या पदसोपानात एक पायरी होण्याऐवजी त्यांनी स्वतंत्र रुग्णालयाचे नेतृत्व निवडले, असे या निर्णयाकडे पाहता येते. राजघराण्यांतील पडदानशीन स्त्रियांपासून कष्टकरी बायकांपर्यंत सर्व थरांतील रुग्ण तेथे येत. राजकोटमध्ये रेडक्रॉस सोसायटीची शाखा उभारण्यातही त्यांचा पुढाकार होता.

१९२९-३० च्या सुमारास त्या निवृत्त झाल्या. तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या घरात होते.

निवृत्तीनंतर

निवृत्तीनंतर रखमाबाई मुंबईस परतल्या. याच सुमारास त्यांनी पडदापद्धती नष्ट करण्याची गरज प्रतिपादन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. ज्या प्रथेमुळे स्त्री-डॉक्टरांची स्वतंत्र रुग्णालये निर्माण झाली आणि ज्या रुग्णालयांत त्यांची सारी हयात गेली, त्या प्रथेविरुद्धच त्या लिहीत होत्या. जनाना रुग्णालयाची प्रमुख जनान्याच्या विरोधात उभी राहिली, यात विसंगती नाही. पडद्याची किंमत तिच्याइतकी जवळून फारच थोड्यांनी पाहिलेली असते. तरुण विधवांना समाजजीवनात भाग घेण्याची संधी मिळत नाही, हा त्या पुस्तिकेतील एक प्रमुख मुद्दा होता. आपले नाव वर्तमानपत्रांत झळकावे अशी हौस मात्र त्यांना नव्हती. गाजलेला खटला विस्मरणात गेला आणि त्यांनीही तो उगाळला नाही.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना एक्क्याण्णवावे वर्ष चालू होते. त्याच वर्षी १८ मे रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणाऱ्या या कायद्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूदही आहे.

स्मृती

मोहिनी वर्दे यांनी लिहिलेले डॉ. रखमाबाई : एक आर्त हे मराठी चरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. इतिहासकार सुधीर चंद्र यांनी १९९८ मध्ये या खटल्याचा सविस्तर अभ्यास इंग्रजी ग्रंथरूपाने मांडला. अनंत महादेवन यांनी दिग्दर्शित केलेल्या डॉक्टर रखमाबाई या मराठी चित्रपटात तनिष्ठा चॅटर्जी यांनी त्यांची भूमिका केली आहे. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांच्या जन्मदिनानिमित्त गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकाविले. त्यात त्या रुग्णालयात, रुग्ण स्त्रिया आणि परिचारिका यांच्यामध्ये, स्टेथोस्कोप घेऊन उभ्या दिसतात.